लिनक्सवाल्यांना लॉबीबाहेर ठेवणाऱ्या गेम कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
ऑनलाइन गेम बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि त्यावर अँटी-चीट (फसवून खेळणारे चीटर पकडणारं सॉफ्टवेअर) बसवणाऱ्या सगळ्या कंपन्या

नमस्कार,

31 ऑक्टोबर 2024 ला एपेक्स लेजेंड्स हा ऑनलाइन गेम लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर, बंद केला गेला. त्याच्या दीड महिना आधी, 17 सप्टेंबरला, जीटीए ऑनलाइनवर बॅटलआय हे अँटी-चीट बसवलं आणि स्टीम डेकवर (स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचं, लिनक्सवर चालणारं, हातात धरून खेळायचं यंत्र) ऑनलाइन खेळणारे सगळे एका दिवसात बाहेर. त्याच वर्षी मे महिन्यात लीग ऑफ लेजेंड्सवर व्हॅनगार्ड हे अँटी-चीट आलं, वाईन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) लावून खेळणारे जे काही लोक होते त्यांचा विषय तिथेच संपला. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये बॅटलफील्ड 6 आला तो पहिल्या दिवसापासूनच लिनक्सवर न चालणारा आला. ही नावं वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत, कारण मात्र सगळ्यांनी जवळपास एकच दिलं, चीटर. म्हणून हे पत्र एका कंपनीला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आम्ही लिनक्सवाले काही बोललो की तुमच्याकडून लगेच उत्तर येतं की एवढ्या थोड्या लोकांसाठी वेगळं पोर्ट बनवणं परवडत नाही. पोर्ट कोणी मागितलंय? लिनक्ससाठी वेगळा गेम बनवा, वेगळी टीम ठेवा, हजार डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांवर) टेस्ट करा असं आता कोणीच म्हणत नाहीये, ती मागणी 2013 ला स्टीम लिनक्सवर आलं तेव्हाची, त्यानंतर पुलाखालून बरंच पाणी गेलं. तुमचा विंडोजचा गेम जसा आहे तसाच आमच्याकडे चालतो. चालत होता. तुम्ही तो थांबवला. आमचं मागणं फक्त एवढंच आहे की जिथे नुसती परवानगी द्यायची आहे तिथे ती द्या, आणि द्यायची नसेल तर आमचे पैसे घ्यायच्या आधी सांगा, घेतल्यावर चार वर्षांनी नाही.

तो कसा चालतो हे तुमच्या इंजिनियर लोकांना माहितीच असणार, पण निर्णय घेणारे लोक वेगळे असतात म्हणून थोडक्यात सांगतो. वाईन हा प्रकल्प 1993 पासून चालू आहे. विंडोजचा प्रोग्राम जे काही विंडोजकडे मागतो ते वाईन लिनक्सच्या पद्धतीनं पुरवतं, मध्ये खोटा विंडोज कॉम्प्युटर वगैरे काही नसतो. अडचण होती ती ग्राफिक्सची, कारण गेम डायरेक्टएक्स ही विंडोजची ग्राफिक्सची भाषा बोलतात आणि लिनक्सवर डायरेक्टएक्स नाही. मग डीएक्सव्हीके आलं, डायरेक्टएक्सचं काम व्हल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्सच्या भाषेत करणारं, आणि ते सुरू केलं एका माणसानं, स्वतःला एक गेम लिनक्सवर खेळायचा होता म्हणून. व्हॉल्व्हनं त्याला हाताशी धरलं, कोडवीव्हर्स कंपनीच्या वाईनवाल्यांना बरोबर घेतलं आणि ऑगस्ट 2018 मध्ये वाईन, डीएक्सव्हीके असं सगळं एकत्र बांधलेलं प्रोटॉन काढलं, सगळं सोर्स उघडं ठेवून. डायरेक्टएक्स 12 साठी वेगळं काम झालं. मार्च 2025 ला लिनक्सच्या 6.14 कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या सगळ्यात आतल्या गाभ्यात, एनटीसिंक नावाचा भाग गेला, कशासाठी तर विंडोजच्या प्रोग्राममधले थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एकमेकांची वाट ज्या पद्धतीनं बघतात ती पद्धत लिनक्सच्या कर्नलमध्येच नीट मिळावी म्हणून. म्हणजे बघा, जगातले अर्ध्याहून जास्त सर्व्हर ज्याच्यावर चालतात त्या कर्नलमध्ये लोकांनी तुमचे गेम नीट चालावेत म्हणून वर्षानुवर्षं भांडून कोड घातलाय आणि तुमच्या खिशातून त्याला एक रुपया गेला नाही.

एल्डन रिंग फेब्रुवारी 2022 ला आला तेव्हाचं आठवतंय का? विंडोजवर चांगल्या चांगल्या मशीनवर तो अडखळत होता, आणि व्हॉल्व्हच्या लोकांनी प्रोटॉनमध्येच दुरुस्ती करून डेकवर ते अडखळणं कमी करून दाखवलं. गेम दुसऱ्याचा, सिस्टीम दुसरी, तरी दुरुस्ती यांनी केली. आणि एल्डन रिंगवर अँटी-चीट आहे बरं का, ईझी अँटी-चीट, आणि ते असूनही लोक डेकवर ऑनलाइन एकमेकांना मदतीला बोलावून खेळतायत.

आता हँडहेल्डबद्दल, म्हणजे डेकसारख्या हातात धरायच्या यंत्रांबद्दल, बोलतो कारण खरा बदल तिथून झालाय. मी पुण्यात राहतो, नोकरी करतो, घरी टेबल-खुर्ची-मोठा मॉनिटर लावून तीन तास बसायचे दिवस गेले. आमच्या वयाच्या बऱ्याच जणांचं हेच आहे, खेळायची आवड तीच, वेळ तुकड्या-तुकड्यात मिळतो. स्टीम डेक फेब्रुवारी 2022 च्या शेवटी लोकांच्या हातात पडायला लागला, 7 इंचाची स्क्रीन, 1280 बाय 800, एएमडीची छोटी चिप जी जास्तीत जास्त 15 वॉट खाते, 16 जीबी मेमरी. आकडे बघितले तर फार काही नाही. भारतात तो व्हॉल्व्हनं अधिकृतपणे विकायला आणलाच नाही, त्यामुळे इथे ज्यांच्याकडे आहे त्यांनी एकतर अमेरिकेतल्या कोणा भाऊ-बहिणीला बॅगेत आणायला सांगितलाय नाहीतर इंपोर्टवाल्याकडून चढ्या भावानं घेतलाय, वॉरंटीच्या नावानं शून्य. बाकीच्यांनी माझ्यासारखं केलं, इथे रीतसर मिळणारा विंडोजचा हँडहेल्ड घेतला आणि त्यावर बॅझाइट टाकलं. बॅझाइट म्हणजे फेडोरा या लिनक्सवर बांधलेली सिस्टीम, उघडलं की थेट स्टीमचा मोठ्या आयकॉनचा मेनू, टर्मिनलचं (कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीचं) तोंड बघायची गरज नाही.

लोक विचारतात विंडोज दिलेलंच होतं ना मग काढलं कशाला. मी त्यांना पॉवरचं बटण दाखवतो. गेम चालू आहे, मध्येच मारामारी चालली आहे, बटण दाबलं, स्क्रीन काळी, पंखा बंद, यंत्र पिशवीत. दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी, केव्हाही परत बटण दाबलं की काही सेकंदात तोच तलवारीचा वार जिथे थांबला होता तिथून खाली येतो. शनिवारी इंद्रायणीनं मुंबईला जाताना लोणावळ्यापर्यंत खेळलो, चिक्की घ्यायला उठलो, बटण दाबलं, आलो, परत बटण. एवढ्याशा गोष्टीनं हँडहेल्ड वापरण्यासारखा होतो, आणि विंडोजच्या हँडहेल्डवर नेमकी हीच गोष्ट भरवशाची नाही ही जगभरच्या लोकांची जुनी तक्रार आहे. शिवाय प्रत्येक गेमला वेगळी वॉट मर्यादा लावा, सेकंदाच्या फ्रेम 40 वर बांधा, बॅटरी वाचवा, हे सगळं एका बटणाच्या मेनूत. लिनक्सवर. मला नाही वाटत आता कोणी म्हणू शकेल की लिनक्स म्हणजे फक्त कॉम्प्युटर इंजिनियरिंगवाल्या पोरांचं खूळ आहे, माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांना आपल्या हातातलं यंत्र लिनक्सवर चालतं हेच माहीत नाही, त्यांना फक्त गेम चालतो एवढं कळतं.

त्याच इंद्रायणीच्या प्रवासातली, घाटातली अजून एक गोष्ट जाता जाता. बोगद्यांमध्ये नेटवर्क जातं. जो गेम एकट्यानं खेळायचा आहे, ज्यात दुसरा माणूसच नाही, तो गेम नेटवर्क गेलं म्हणून मेनूवर फेकत असेल तर त्याला काय म्हणायचं? आणि स्टीमवर विकत घेतलेला गेम उघडल्यावर आत तुमचा स्वतःचा लाँचर (गेम सुरू करून देणारा वेगळा प्रोग्राम) उघडतो, माउससाठी बनवलेला, 7 इंचावर मुंगीएवढी अक्षरं, त्यात परत लॉगिन, स्क्रीनवरच्या कीबोर्डवर बोटानं पासवर्ड टोचत बसा. हा विषय वेगळा आहे, त्यावर इथे जास्त लिहित नाही, पण यादीत राहू द्या.

तर अँटी-चीट. सप्टेंबर 2021 मध्ये, डेक यायच्याही आधी, ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी जाहीर केलं की प्रोटॉनवर आमचं चालेल, गेम बनवणाऱ्यानं हो म्हणायला हवं. बॅटलआयच्या बाबतीत तर व्हॉल्व्हनं स्पष्ट लिहिलं होतं की डेव्हलपरनं फक्त बॅटलआयला कळवायचं आहे. ईझी अँटी-चीटला सुरुवातीला थोडी कटकट होती, जानेवारी 2022 मध्ये तीही सोपी केली. म्हणजे जीटीए ऑनलाइनवर बॅटलआय बसवताना तांत्रिक अडचण नव्हती. अर्मा आणि डेझेड हे गेम बॅटलआयवरच आहेत आणि ते प्रोटॉनवर चालतात. तरीसुद्धा जीटीएवाल्या रॉकस्टारच्या मदतपानावर लिहिलं गेलं की स्टीम डेक जीटीए ऑनलाइनच्या बॅटलआयला सपोर्ट करत नाही. अहो उलटं आहे, डेक करतो, तुम्ही करू दिलेलं नाही. अशी वाक्यं वाचून सामान्य माणसाला वाटतं की यंत्रातच खोट आहे, आणि त्या यंत्रावर, त्या सिस्टीमवर विनाकारण डाग लागतो. नाही द्यायचं तर आम्ही नाही देत असं लिहा ना सरळ.

एपिक या गेम कंपनीचं तर मला कधीच पटलं नाही. ईझी अँटी-चीट बनवणारी कंपनी एपिकनं 2018 लाच विकत घेतली, लिनक्सचा सपोर्ट त्यांच्याच लोकांनी दिला, दुसऱ्यांनी तो वापरून गेम चालवले, आणि त्यांचा स्वतःचा फोर्टनाइट मात्र नाही. एपिकचे प्रमुख टिम स्वीनी यांनी 2022 मध्ये कारण सांगितलं होतं की लिनक्सवर लोक वाटेल तसा कर्नल बनवून वापरू शकतात, एवढ्या प्रकारच्या कर्नलवर फोर्टनाइटएवढ्या मोठ्या गेममध्ये चीटर रोखता येतील याचा भरवसा नाही.

ह्या मुद्द्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, कारण तथ्य आहे. विंडोजवर तुमचं अँटी-चीट कर्नलमध्ये ड्रायव्हर म्हणून बसतं, सगळ्या प्रोग्रामच्या खाली, तिथून त्याला सगळी मेमरी दिसते. तो विंडोजचा ड्रायव्हर लिनक्समध्ये घालता येत नाही, वाईन तेवढं खोल जातच नाही, त्यामुळे लिनक्सवर अँटी-चीट बाकीच्या प्रोग्रामसारखंच वरच्या मजल्यावर राहतं आणि ज्याच्या हातात मशीनचा रूट, म्हणजे पूर्ण ताबा, आहे त्यानं ठरवलं तर त्याला चकवणं सोपं पडतं. मान्य. स्पर्धेचा गेम, वर रँक, बक्षिसाचे पैसे, तिथे तुम्हाला भीती वाटणं मी समजू शकतो, आणि चीटरचा त्रास आम्हालाही तेवढाच होतो, भिंतीपलीकडून डोक्यात गोळी खाल्ली की आमचाही मूड जातोच ना.

पण मग पुढचं पण बोला. लिनक्स बंद केल्यावर त्या गेममधले चीटर संपले का? जो माणूस चीट विकतो त्याचं गिऱ्हाईक विंडोजवर आहे, कारण खेळणारे विंडोजवर आहेत. आज डीएमए कार्ड मिळतात, पीसीआय स्लॉटमध्ये लावायचं आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पहिल्याची मेमरी वाचायची, तुमचा कर्नलमधला ड्रायव्हर बघत राहतो. कॅमेऱ्यासारखं स्क्रीनचं चित्र घेऊन निशाणा धरणारे प्रोग्राम आहेत, ते तर गेमच्या मेमरीला हातच लावत नाहीत. कन्सोलवर, जिथे मालकाला रूट वगैरे काही मिळत नाही, तिथेसुद्धा लोक कंट्रोलर आणि कन्सोलच्या मध्ये डबी लावून फसवतात, म्हणून कन्सोल कोणी बंद केला नाही. बॅटलफील्ड 6 सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणारी सोय) चालू असल्याशिवाय खेळताच येत नाही, तरी ऑगस्ट 2025 च्या बीटात, म्हणजे गेम यायच्या आधीच्या चाचणीत, पहिल्या एक-दोन दिवसांतच भिंतीपलीकडचे खेळाडू दिसणाऱ्या चीटचे व्हिडिओ फिरायला लागले होते. लढाई अवघड आहे हे मला मान्यच आहे. मला एवढंच दिसतंय की त्या लढाईत लिनक्सवाल्यांना बाहेर काढणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी उपयोगाचं पाऊल आहे, आकडा छोटा, ओरड कमी, आणि पत्रकात लिहायला काहीतरी केल्यासारखं दिसतं.

आणि कर्नलमध्ये बसणाऱ्या ड्रायव्हरची एक वेगळी किंमत आहे जी तुम्ही कधी बोलत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये ट्रेंड मायक्रो या सिक्युरिटी कंपनीनं दाखवून दिलं की गेन्शिन इंपॅक्ट या गेमच्या अँटी-चीटचा सही केलेला ड्रायव्हर रॅन्समवेअरवाल्यांनी (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांनी) उचलला आणि तो वापरून लोकांचे अँटीव्हायरस बंद पाडले, ज्या मशीनवर तो गेम कधी टाकलाच नव्हता तिथे हा ड्रायव्हर ते स्वतः घेऊन गेले. सही खरी, कंपनी खरी, म्हणून विंडोजनं आत घेतला. 19 जुलै 2024 तर सगळ्यांना आठवत असेल, क्राउडस्ट्राइकची एक चुकीची फाइल, सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडल्या, आपल्याकडे विमानतळावर लोकांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ते अँटी-चीट नव्हतं, सिक्युरिटीचं सॉफ्टवेअर होतं, पण बसलेलं त्याच जागी होतं. ज्या लॅपटॉपवर माणूस बँकेचे व्यवहार करतो, ऑफिसचं काम करतो, मुलांचे फोटो ठेवतो, त्याच्या सगळ्यात आतल्या खोलीची किल्ली एका गेमसाठी मागणं हे फार मोठं मागणं आहे, आणि आमच्यातले बरेच जण लिनक्सवर आले ते याच कारणानं. त्यांना तुम्ही चीटरच्या रांगेत उभं करता हे मनाला लागतं.

चालवून दाखवणारे आहेत की. आर्क रेडर्स ऑक्टोबर 2025 ला आला, ईझी अँटी-चीट आहे, लूट घेऊन बाहेर पडायचा गेम म्हणजे चीटरनं सगळ्यात जास्त रडवणारा प्रकार, तरी डेकवर चालतो, त्याच कंपनीचा द फायनल्स पण चालतो. मार्व्हल रायव्हल्स चालतो. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी प्रोटॉन आणि मॅकवरच्या काही निर्दोष लोकांना चुकून बॅन केलं होतं, लोकांनी आरडाओरडा केला, त्यांनी तपासलं, बॅन काढले, माफी मागितली, पुढे चालू. हेलडायव्हर्स 2 चालतो. काउंटर-स्ट्राइक 2 आणि डोटा 2 या व्हॉल्व्हच्या गेमची तर लिनक्ससाठी खास आवृत्तीच आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये चीटर नाहीत असं कोणी म्हणणार नाही, भरपूर आहेत, पण त्यासाठी व्हॉल्व्हनं कोणाची ऑपरेटिंग सिस्टीम बंद केली नाही, सर्व्हरवर काय दिसतं, खेळाडू कसा हलतो, कसा मारतो यावर काम चालू ठेवलं. माझ्या मते शेवटी सगळ्यांना तिकडेच जावं लागणार आहे, कारण स्क्रीन बघून खेळणाऱ्या प्रोग्रामला मशीनच्या आतून पकडायला काही शिल्लकच राहत नाही, तो पकडला जाईल तर त्याच्या खेळण्यावरूनच.

आकड्यांचं बोलता ना, आकडे घ्या. ऑक्टोबर 2025 च्या स्टीमच्या सर्व्हेत लिनक्स पहिल्यांदा 3 टक्क्यांच्या वर गेलं, 3.05. स्टीमनं 2021 साठी महिन्याला 13 कोटी 20 लाख लोक येतात असं सांगितलं होतं, तोच जुना आकडा धरला तरी 3 टक्के म्हणजे 40 लाखांच्या आसपास माणसं झाली. हे सगळे तुमचा गेम घेतील असं नाही, पण हे सगळे गेम विकत घेणारे लोक आहेत, खिशातून पैसे काढून वेगळं यंत्र घेणारे. मे 2025 मध्ये लेनोव्होनं लीजन गो एस हा हँडहेल्ड स्टीमओएस (डेकवरचीच लिनक्स सिस्टीम) टाकून विकायला काढला, म्हणजे आता हे एकट्या व्हॉल्व्हचं राहिलं नाही. नोव्हेंबर 2025 ला व्हॉल्व्हनं टीव्हीखाली ठेवायची नवी स्टीम मशीन जाहीर केली, तीही लिनक्सच. आणि 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. आपल्याकडे घराघरात, हॉस्टेलात, डिप्लोमाच्या पोरांकडे असे लॅपटॉप पडलेत जे चांगले चालतात पण विंडोज 11 त्यांना घेत नाही. ती पोरं नवीन लॅपटॉप कुठून आणणार? ती लिनक्स टाकतायत, मी स्वतः सोसायटीतल्या एकाला टाकून दिलं. त्याचा पहिला प्रश्न होता, दादा यावर मित्रांबरोबर खेळता येईल का? आणि मला त्याला गेमची नावं घेऊन घेऊन सांगावं लागलं, हा चालतो, हा चालत नाही, हा चालायचा.

हा "चालायचा" वाला प्रकार सगळ्यात वाईट. जो गेम पहिल्यापासून लिनक्सवर चालत नाही, आणि तसं लिहिलेलं आहे, तो मी घेत नाही, विषय संपला, माझी काही तक्रार नाही. पण आमच्या ग्रुपनं एक गेम घेतला होता, नाव घेत नाही, तो फक्त उदाहरणासाठी. कॉलेजचे मित्र, एक नाशिकला, एक दुबईत, एक टोरंटोत, दिवसा कोणाचं कोणाशी बोलणं होत नाही, रात्री साडेदहाला मात्र सगळे लॉबीत, म्हणजे गेममधल्या सामन्याआधी जमायच्या जागेत. सेलमध्ये घेतला, वर सीझनचे पास घेतले, गेममधल्या पात्राचे कपडे घेतले, वर्षानुवर्षं पैसे दिले. मग एक अपडेट आली. गेम उघडला, लोगो आला, शेडरची (ग्राफिक्सची तयारी दाखवणारी) पट्टी भरली, लॉबी आली, तिघांची नावं हिरवी दिसली, नाशिकवाला माइकवर म्हणाला आला का रे, मी रेडी दाबलं आणि दोन ओळींचा मेसेज, परत मेनू. परत दाबलं, परत मेनू. गेम माझ्या लायब्ररीत आहे, घेतलेले कपडे आहेत, मित्र दिसतायत, आत जाता येत नाही. रिफंड मागावा तर स्टीमचा नियम 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलेलं असायला हवं, चार वर्षं खेळलेल्या माणसाला तो नियम काय कामाचा. हे म्हणजे फ्लॅटचे पूर्ण पैसे घ्यायचे, माणूस राहायला यायचा, आणि चार वर्षांनी सोसायटीच्या गेटवर वॉचमननं सांगायचं की या कंपनीची गाडी आजपासून आत सोडत नाही.

त्यामुळे माझं म्हणणं असं आहे. ज्यांच्या गेमवर ईझी अँटी-चीट किंवा बॅटलआय आहे त्यांनी प्रोटॉनची परवानगी चालू करून बघावी, एक सीझन चालू ठेवावी, रिपोर्ट बघावेत, त्रास वाढला तर दाखवावा आकड्यांनी. कोणी आकडे दाखवून बोललं तर आम्ही ऐकून घेऊ, आतापर्यंत जे आलंय ते बहुतेक एका परिच्छेदाचं पत्रक. ज्यांना रँकची भीती आहे त्यांनी रँक बंद ठेवा, बाकीचं का बंद? मित्रामित्रांची खासगी लॉबी, कॉम्प्युटरविरुद्ध मिळून खेळायचे मोड, ट्रेनिंग, साधे सामने, यात आम्ही कोणाचं काय बिघडवणार. जीटीएची कहाणी एकट्यानं डेकवर खेळता येते तसं तुम्हाला भाग पाडता येतात हे दिसतंयच की. स्टीमओएसची मूळ सिस्टीम तशीही फक्त वाचता येणारी असते, ती न बदललेली आहे एवढं तपासायचा काही मार्ग व्हॉल्व्हबरोबर बसून काढता येतो का बघा, बॅझाइटवाल्यांना त्यात नंतर घ्या, आधी डेकवाल्यांना तरी सोडा. यातलं काहीच जमणार नसेल तर खरेदीच्या पानावर, खालच्या बारीक अक्षरात नाही, किमतीच्या बटणाशेजारी लिहा की लिनक्सवर ऑनलाइन चालणार नाही. आणि जो गेम चालत होता तो पुढे कधी बंद करणार असाल तर तीन महिने आधी सांगा आणि ज्यांनी फक्त लिनक्सवरच तो खेळलाय त्यांचे पैसे परत करा, निदान आतल्या खरेदीचे तरी, कोण कशावर खेळलं हे स्टीमकडे असतं, तुमच्या सर्व्हरकडेही असतं. बंद करायचं ठरवलंच आहे तर बंद करा, पण प्रोटॉन दिसलं म्हणून कोणाचं खातं बॅन करू नका, लॉबीत न घेणं वेगळं आणि चोर ठरवणं वेगळं.

व्हॉल्व्हलाही यात एक सांगायचं आहे. डेक व्हेरिफाइडची, म्हणजे हा गेम डेकवर नीट चालतो असं सांगणारी, हिरवी खूण लोक डोळे झाकून मानतात, मग कंपनीनं नंतर गेम बंद केला तर ती खूण नुसती काढून भागत नाही, ज्यांनी त्या खुणेकडे बघून पैसे दिले त्यांच्यासाठी रिफंडचा वेगळा रस्ता तुम्हीच ठेवायला हवा. आणि भारतात यंत्र विकायचं कधी ते पण बघा, इथे रुपयात गेम विकताय 2015 पासून.

टेस्टिंगला माणसं हवी असतील तर आम्ही आहोत. फुकट करू. वाईन आणि प्रोटॉन असंच उभं राहिलंय, कोणीतरी रात्री बसून एक गेम चालवला, कुठे पडला ते लिहून ठेवलं, दुसऱ्यानं दुरुस्त केला. तुमचा बंद बीटा द्या, लॉग मागा, हार्डवेअरची यादी मागा, रात्री साडेदहानंतर आमच्या ग्रुपमधले चौघंही मोकळे असतात. उत्तर मराठीत द्यायची गरज नाही, इंग्रजीत दिलं तरी चालेल, फक्त हो किंवा नाही असं स्पष्ट द्या, आणि पुढच्या गेमची प्रीऑर्डर उघडायच्या आधी द्या.

पुण्याहून,
तुमचे गेम विकत घेऊन खेळणारा एक लिनक्सवाला